आवळा, आमसूल आणि कुटचा वेढा

सांगलीहून मिरजेकडे जातांना विश्रामबाग लागते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं सुरू केलेलें विलिंग्डन कॉलेज येथेंच आहे. ज्यांचें नांव या कॉलेजास दिलें, ते लॉर्ड विलिंग्डन १९१३ पासून १९१८ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. हीं पांच वर्षें मुंबई बंदराला मोठ्या धामधुमीचीं गेलीं. मेसापोटेमियाच्या मोहिमेवर निघालेली फौज याच बंदरांत जहाजांवर चढे, आणि तिकडून परतणारे आजारी याच बंदरांत उतरत. त्या आजारांपैकीं एकाचें औषध असें होतें, कीं तें सह्याद्रीच्या उतारांवर दर कार्तिकांत फांद्यांना लगडतें आणि वेचणारा कोणी न मिळाल्यास झाडाखालीं पडून सुकतें. तो आजार म्हणजे स्कर्व्ही, व तें औषध म्हणजे आवळा. या दोहोंची गांठ त्या रणांगणावर पडली नाहीं. ती कां पडली नाहीं, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच इतिहासाचाहि आहे.

स्कर्व्ही जंतूंनीं होत नाहीं. तो अभावाचा रोग आहे. ताजी भाजी, ताजें फळ यांपैकीं कांहींच दोनतीन महिने पोटांत गेलें नाहीं, म्हणजे प्रथम अंगांतलें त्राण जातें. मग हिरड्या सुजून त्यांतून रक्त येतें, दांत हलूं लागतात, कातडीखालीं रक्त सांकळून काळेनिळे डाग पडतात, पोटऱ्या ताठरतात. आणि केव्हां केव्हां बरी होऊन गेलेली जुनी जखमहि पुन्हां उकलते. सैनिकाला हें शेवटचें लक्षण किती क्रूर वाटत असेल, हें सांगावयास नको.

आंबट फळांनीं या रोगास उतार पडतो, हें दर्यावर्दी लोकांस फार पूर्वी उमगलें होतें. जेम्स लिंड या स्कॉटिश जहाजी डॉक्टरानें १७४७ सालीं ‘सॅलिस्बरी’ जहाजावरील बारा आजारी खलाशी निवडले आणि दोघादोघांस निरनिराळे उपाय योजिले. ज्या दोघांस रोज दोन संत्रीं व एक लिंबूं मिळालें, ते सहा दिवसांतच सुधारले. हा धडा गिरवावयास इंग्लंडच्या आरमारखात्याला १७९५ साल उजाडलें. तेव्हांपासून खलाशांच्या शिध्यांत लिंबाचा रस आला व रोग हटला. पण लिंबांत नेमकें काय आहे, हें कोणासहि ठाऊक नव्हतें. जिभेला आंबटपणा कळतो. तेव्हां आंबटपणा हेंच औषध, असें सर्वांनीं गृहीत धरलें. पुढच्या अनर्थाचें बीज येथेंच पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्यसमुद्राकडील मोठ्या पिवळ्या लिंबांच्या ऐवजीं वेस्ट इंडीज बेटांतील लहान, पातळ सालीच्या लिंबांचा रस आरमारांत आला. हीं लिंबें आपल्या कागदी लिंबांच्याच जातीचीं. वसाहत आपली, माल स्वस्त, चवहि भरपूर आंबट. मग हरकत कोण घेणार? १८७५-७६ सालीं उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या नेअर्सच्या सफरींत तो रस बरोबर असूनहि खलाशांना स्कर्व्हीनें गांठलें. तरी दोष रसाकडे आहे, हें पुढें चाळीस वर्षें सिद्ध झालें नाहीं.

अशा अर्धवट ज्ञानाच्या आधारावर १९१४ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानची फौज इराणी आखाताच्या शिरोभागीं उतरली. तिचा कणा म्हणजे सहावी पुणें डिव्हिजन, आणि तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींच्या भरतीचा मुलूख कोंकण, कोल्हापूर व सातारा. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके त्यांतच मोडत, आणि सांगली व मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें त्याला लागून होतीं. (१९४९ सालीं या भागाचा दक्षिण सातारा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यालाच सांगली जिल्हा हें नांव मिळालें.) जोंधळ्याची भाकरी, कालवण, हिरव्या मिरचीचा ठेचा, रानांतली भाजी आणि हंगामांत हाताला येईल तें फळ, असा ज्यांचा आहार, ते कृष्णाकांठचे शेतकरी तैग्रिसच्या कांठीं गेले. शिधा मिळे तो आटा, डाळ, तूप, गूळ व मीठमसाला यांचा. पोट भरण्याला तो कमी नव्हता; पण त्यांत ताजें असें कांहींच नव्हतें.

१९१५ च्या नोव्हेंबरांत बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथें तुर्कांनीं फौज अडविली. जनरल टाउनशेंड मागें फिरले व ३ डिसेंबरला कुट-अल-अमारा या नदीच्या वळणांतील गांवीं येऊन थांबले. ७ डिसेंबरला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनें गांजलेल्या शिबंदीनें शस्त्रें खालीं ठेवलीं.

या वेढ्यांत आहारशास्त्राचा जणूं एक निर्दय प्रयोगच घडून आला. गांव एक, हवा एक, शत्रूहि एक. पण रोग दोन झाले, आणि त्यांनीं फौज वांटून घेतली. गोऱ्या शिपायांस पांढऱ्या पिठाचा पाव मिळे. त्यांच्यांत बेरीबेरी पसरली. देशी शिपायांचा आटा कोंड्यासकट असल्यामुळें त्यांना ती झाली नाहीं, आणि पुढें पांढरें पीठ संपून गोऱ्यांच्याहि पावांत जव व आटा येऊं लागले, तेव्हां त्यांची बेरीबेरी ओसरली. उलट देशी शिपायांत स्कर्व्ही माजली. जानेवारीच्या अखेरीपासून गोरे शिपाई घोड्याचें मांस खाऊं लागले होते. ताज्या मांसांत स्कर्व्हीला अटकाव करणारें द्रव्य थोडेंच असतें, पण तेवढ्यानें त्यांचा बचाव झाला. हिंदु व मुसलमान शिपायांनीं तें मांस नाकारलें. धर्माचें भय होतें, आणि परत गेल्यावर भाऊबंद पंक्तीला घेतील कीं नाहीं हेंहि भय होतें. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांच्या संमतीचे निरोप बिनतारी यंत्रानें आणविले, तरी बहुतेकांनीं एप्रिल उजाडेपर्यंत त्याला हात लावला नाहीं. वेढ्यांतील मुख्य डॉक्टर कर्नल पॅट्रिक हेहिर यांनीं भाजीचें बीं पेरविलें, नदीकांठचा पाला खुडून आणविला. पण हजारों तोंडांना तें कितीसें पुरणार?

शिपायांच्या या नकारास हट्ट म्हणून दोष देण्याची पुष्कळ इंग्रज लेखकांची रीत आहे. ती एकांगी आहे. आपला शिपाई घोडा खाणार नाहीं, हें पलटणींतील प्रत्येक अधिकाऱ्यास ठाऊक होतें. मग भाजी न मिळाल्यास त्याच्या शिध्यांत दुसरें काय असावें, याचा विचार मुंबईचा किनारा सोडण्यापूर्वीच व्हावयास हवा होता. आवळकाठीचें पोतें होडींत जातें, उंटावर जातें. तें सडत नाहीं, त्याला भांडें लागत नाहीं, आणि तें खाण्यास कोणत्याहि जातीची वा धर्माची आडकाठी नाहीं. वाळलेल्या आवळ्यांत त्या द्रव्याचा पुष्कळ अंश टिकून राहतो, हें पुढें सिद्ध झालें. पण तें सिद्ध होईपर्यंत कुटचे कैदी वाळवंटांतून चालविले गेले होते, आणि त्यांतले पुष्कळ आपल्या गांवच्या वेशींतून पुन्हां आंत आले नाहींत.

कुटच्या बाहेरहि स्थिति बरी नव्हती. १९१६ च्या उत्तरार्धांत मेसापोटेमियांतील देशी फौजेंत स्कर्व्हीच्या रोग्यांची संख्या अकरा हजारांवर गेली. लिंबाच्या रसाच्या बाटल्या येत होत्या आणि रोगीहि वाढत होते. तेव्हां कोठें लंडनमध्यें या रसाची परीक्षा करण्याची बुद्धि झाली. लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें डॉ. हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं गिनीपिगांवर व माकडांवर प्रयोग केले, आणि १९१८ सालीं त्यांचा निष्कर्ष बाहेर आला: ज्या रसावर फौजेची भिस्त होती, त्याचा गुण ताज्या पिवळ्या लिंबाच्या रसाच्या मानानें केवळ चतुर्थांश होता. बाटलींत दीर्घकाळ ठेवलेल्या रसाची गोष्ट तर बोलूंच नये. आंबटपणा तसाच राहतो, गुण उडून जातो; आणि जिभेला त्याचा पत्ता लागत नाहीं.

याच शास्त्रज्ञ स्त्रियांनीं आणखी दोन गोष्टी तपासल्या, आणि त्या वाचतांना मराठी गृहिणीस हसूं येईल. पहिली मोड आलेल्या कडधान्याची. कोरड्या धान्यांत स्कर्व्ही हटविणारा गुण नसतो. भिजवून मोड आणले कीं तो उत्पन्न होतो. फौजेंत याप्रमाणें कडधान्य भिजवून देण्यास आरंभ झाला. मूग, मटकी ओल्या फडक्यांत बांधून उसळ करणें ही ज्या घरांत नित्याची गोष्ट, त्या घरच्या मुलाला हें ज्ञान बसऱ्याला, लंडनमार्गें मिळालें! त्यांतहि मेख होती ती अशी, कीं शिध्यांत मिळे ती डाळ; आणि भरडलेल्या डाळीला मोड कोठून येणार? त्याला अख्खें धान्यच हवें, व तें फार शिजवूनहि चालत नाहीं.

दुसरी गोष्ट चिंच, कोकम व आंबोशी यांची. देशी शिपायांना कालवणांत घालण्यासाठीं मिळणाऱ्या या तीन वाळल्या आंबट जिनसांवर लंडनमध्यें प्रयोग झाले व त्यांचा वृत्तान्त १९१९ सालीं, म्हणजे इकडे विलिंग्डन कॉलेज निघालें त्याच वर्षीं, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत आला. तिन्हींत थोडाबहुत गुण आढळला, पण ताज्या फळाभाजीपुढें तो फारच अल्प. यांत आश्चर्य कांहीं नाहीं. चिंचेचा आंबटपणा एका आम्लाचा, आमसुलाचा दुसऱ्याचा, लिंबाचा तिसऱ्याचा. आणि स्कर्व्हीला जें हटवितें तें चौथेंच. पहिल्या तिघांच्या तोंडाला पाणी सुटविणाऱ्या चवीशीं या चौथ्याचा कांहीं संबंध नाहीं. आमसुलाचें सार उन्हाळ्यांत तहान भागवितें, जेवणाला रुचि आणतें. तें त्यानें करावें. सैनिकाच्या हिरड्या राखणें हें त्याचें काम नव्हे.

त्या तीन जिनसांत आवळा नव्हता. असणारहि कसा? आपल्या स्वयंपाकांत आंबटपणासाठीं आवळा कोणी घालीत नाहीं. तो लोणच्याचा, मुरंब्याचा, व्रताचा आणि वैद्याचा. फौजेच्या कोठारखात्यानें बाजारांतील आंबट पदार्थांची यादी केली, तेव्हां आवळा वाण्याच्या दुकानांत राहिला तो औषधी मुळ्यांच्या पेटाऱ्यांत. सर्वांत आंबट काय, हा प्रश्न पुसला गेला. सर्वांत हितकर काय, हा पुसलाच गेला नाहीं.

आपल्या जुन्या वैद्यांनीं मात्र आवळ्याला इतर आंबट फळांपासून वेगळें काढलें होतें. चरकसंहितेचा सामान्य नियम असा, कीं आंबट तें पित्त वाढवितें. पण त्या नियमाला तेथेंच अपवाद सांगितला आहे डाळिंबाचा व आवळ्याचा. खारट वगळून बाकीचे पांचहि रस आवळ्यांत आहेत, तो गुणानें शीत आहे, असें वैद्यशास्त्र म्हणतें. चिकित्सास्थानाच्या आरंभीं रसायनांचें प्रकरण आहे. त्याचा पहिला पादच हिरडा व आवळा यांच्या नांवानें चालतो, आणि जराजर्जर झालेल्या च्यवन ऋषींना ज्यानें पुन्हां तारुण्य आलें असें सांगतात, तो च्यवनप्राशाचा पाठ तेथेंच दिला आहे. त्या पाठांत आवळे किती? मोजून पांचशें. बौद्ध कथांतहि आवळ्याला असाच मान आहे. मरणशय्येवर पडलेल्या सम्राट् अशोकापाशीं दान करण्यास अर्धा आवळा तेवढा उरला होता, व तोच त्यानें भिक्षुसंघास पाठविला, अशी कथा अशोकावदानांत येते. देवळाच्या शिखरावर कळसाखालीं जो खांचेदार गोल दगड बसवितात, त्यालाहि शिल्पशास्त्रांत आमलक म्हणतात. आवळ्याच्या अंगावरच्या रेघा ज्यानें पाहिल्या आहेत, त्याला या नांवाचा उलगडा करून द्यावा लागत नाहीं.

परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. आमच्या पूर्वजांना हें सारें आधींच ठाऊक होतें, असें म्हणून छाती फुगविण्यांत अर्थ नाहीं. चरकाला जीवनसत्त्व ठाऊक नव्हतें. त्याला अनुभव ठाऊक होता, आणि अनुभव त्यानें काळजीनें नोंदला. खरी खंत निराळी आहे. तो अनुभव ग्रंथांत राहिला, वैद्याच्या बटव्यांत राहिला. ज्या मुलखांतून शिपाई गेले त्या मुलखांतच राहिला, आणि त्यांच्या पडशींत मात्र कोणी घातला नाहीं.

पुढची कथा लवकर सांगण्याजोगी आहे. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनीं १९२८ सालीं एक आम्ल वेगळें काढलें. तेंच ‘क’ जीवनसत्त्व होय, हें १९३२ च्या सुमारास ठरलें, आणि १९३७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मोजण्याचें साधन हातीं येतांच हिंदुस्थानांतील संशोधकांनीं आवळा हातीं घेतला. मद्रासेस दामोदरन् व नायर यांनीं १९३६ सालीं दाखविलें, कीं आवळ्यांतील तुरट द्रव्य त्यांतल्या जीवनसत्त्वाचा सांभाळ करतें. म्हणजे ज्या तुरटपणामुळें मुलें आवळा थुंकून टाकतात, तोच त्याचा पहारेकरी! निलगिरींतील कुन्नूरच्या आहारसंशोधनशाळेंत डॉ. एक्रॉइड यांच्या देखरेखीखालीं देशी अन्नांचीं कोष्टकें तयार झालीं. अशा कोष्टकांत दर १०० ग्रॅम आवळ्यांत ६०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व हा आंकडा वर्षानुवर्षें छापला गेला. ती संशोधनशाळा पुढें हैदराबादेस गेली. तेथून निघालेल्या २०१७ सालच्या कोष्टकांत हा आंकडा अडीचशेंच्या आसपास आहे. झाडाची जात, जमीन, फळाची पक्वता व मापण्याची रीत यांप्रमाणें आंकडा बदलतो. पण लहान आंकडा धरला तरी संत्र्यालिंबांना आवळ्यानें कितीतरी मागें टाकलें आहे. चिंचेच्या वांट्याला तर दोनचार मिलिग्रॅमच येतात.

त्यानंतर १९३९-४० सालीं पंजाबांत हिसार जिल्ह्यांत दुष्काळ पडला. तेथें स्कर्व्ही उद्भवली, तेव्हां आवळा देऊन लोक बरे केले गेले. दुसरें महायुद्ध पेटल्यावर तर वाळल्या आवळ्याच्या भुकटीच्या गोळ्या हिंदी सैनिकांस देण्यांत आल्या. कुटच्या त्या मराठा पलटणी १९२२ च्या पुनर्रचनेंत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिली, तिसरी व पांचवी अशा पलटणी झाल्या होत्या. वेढ्यापासून या गोळ्यांपर्यंत पंचवीस वर्षें लागलीं.

घरोघरच्या आवळ्याकडे या इतिहासाच्या उजेडांत पाहिलें, तर कांहीं समज दुरुस्त करावे लागतात. मोरावळ्याचें कौतुक मोठें. पण फळ टोंचून चुन्याच्या निवळींत ठेवणें, उकडणें, पाकांत शिजविणें एवढे सोपस्कार झाल्यावर जीवनसत्त्वाचा बराच भाग गेलेला असतो, आणि साखर मात्र पुरेपूर असते. मधुमेही मनुष्यानें तो औषध म्हणून चाटणें हा भ्रम आहे. कच्चा आवळा मीठ लावून खाणें, किसून कोशिंबिरींत घालणें, त्याचा रस ताजा घेणें, या रीति अधिक चांगल्या. किसून, आलें-ओवा-मीठ लावून वाळविलेली आवळासुपारी जेवणानंतर तोंडांत टाकावी; वाळविण्यांत कांहीं गेलें तरी पुष्कळ उरतें. मध्यम आकाराचा एक ताजा आवळा प्रौढ माणसाची दिवसाची गरज भागवितो. जेवणाबरोबर घेतल्यास धान्यभाजींतील लोह अंगीं लागण्यास त्याचें साह्य होतें. पांढऱ्या पडलेल्या बायकामुलींच्या घरांत हा गुण लहान समजूं नये. केस काळे होणें, आयुष्य वाढणें, सर्व रोग हटणें या गोष्टी जाहिरातींतून ऐकूं येतात. त्यांना आवळा जबाबदार नाहीं. आवळकाठी शिकेकाईबरोबर केसांना लावावी, केस स्वच्छ होतात. एवढें पुरे आहे.

कार्तिकांत आवळीखालीं पंगत मांडून जेवण्याची चाल सांगली-साताऱ्याकडे पुष्कळ घरांनीं पाळली. आवळीच्या झाडाची पूजा करून आवळीभोजन करावें, तुळशीच्या लग्नांत चिंचाआवळे ठेवावे आणि मग त्यांना तोंड लावावें, हें वर्षाचें वेळापत्रक. त्यामुळें निदान फळ पिकेपर्यंत झाड ओरबाडलें जात नसे. बाजारांत कलमी जातींचे मोठे आवळे आल्यावर डोंगरांतल्या लहान, तुरट आवळ्याची कांहींजण रायआवळ्याशीं गल्लत करूं लागले. रायआवळा, ज्याचे पिवळट, फांकांचे घोस मुलें मीठ लावून खातात, हें जवळच्या नात्याचें पण निराळें झाड; त्याचा आंबटपणा अधिक, आणि गुण आवळ्याचा नव्हे. आंबटपणावरून गुण ठरविण्याची ती जुनी खोड येथेंहि भेटते.

साताऱ्याजवळ अपशिंगे नांवाचें गांव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ शिपाई कामास आले, त्यांचें स्मारक तेथें उभें आहे. पलटणींत जाण्याची रीत त्या गांवानें पुढेंहि सोडली नाहीं.